सदर डिशवर फक्त सूर्य दिसतो

सूर्यभान साळव्यांनी लागलेला गॅसचा नंबर सोडून दिला, ही बातमी राहुरीच्या मुळाकाठ कॉलनीत आली तेव्हा सुरुवातीला कुणाचा विश्वासच बसेना. त्या काळी गॅसचा नंबर म्हणजे खेळ नव्हता. नाव नोंदवून माणूस वाट बघत बसे, वाट बघताबघता त्याच्या बदल्या होत, मुलींची लग्नं होत, केस पिकत, आणि मग एके दिवशी पोस्टकार्ड येई. ते आलं की लोक पेढे वाटत आणि नव्या शेगडीला हार घालून फोटो काढत. असा नंबर हातात आल्यावर कुणी शुद्धीवरचा माणूस एजन्सीच्या काउंटरवर उभा राहून "माझ्या पुढच्याला द्या" असं म्हणेल काय? साळवे म्हणाले. एजन्सीवाल्यानं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग पुढच्याला हाक मारली.

याचं मूळ एका भाषणात होतं. कृषी विद्यापीठात पुण्याहून एक प्राध्यापक यायचे होते आणि सभागृह मोठं होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आजूबाजूच्या कचेऱ्यांना माणसं पाठवायला सांगितलं होतं. पाटबंधारे खात्याच्या कोट्यातून हेडक्लार्क साळवे गेले. चहा-बिस्किटं मिळतील आणि एक दुपार फायलींशिवाय जाईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. परत आले ते दुसरेच साळवे.

प्राध्यापक म्हणाले होते, पृथ्वीला ताप चढतोय. आपण लाकूड जाळतो, कोळसा जाळतो, रॉकेल जाळतो, आणि धूर दिसेनासा झाला की तो गेला असं समजतो. तो जात नाही. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा साचतो आणि दिवसाची ऊब आतच कोंडून राहते. उद्या पाऊस आपल्या वेळा विसरेल. हे ऐकताना साळव्यांना आपलं टेबल आठवलं. पाऊस वेळ विसरला तर मुळा धरणाच्या पाण्याच्या पाळ्या कुठल्या तारखेला लावायच्या, आणि त्या लावायचं टिपण तर त्यांच्याच टेबलावरून जायचं! शेवटी प्राध्यापक म्हणाले, कामं दोनच आहेत. गोधडी आणखी जाड करणं थांबवा, आणि जेवढी अंगावर आलीच आहे तिच्यात जगायला शिका.

साळव्यांनी दोन्ही कामं स्वतःच्या नावानं मार्क करून घेतली. गोधडीत जगायचं म्हणून त्यांनी पुढच्याच रविवारी धोतराचा काचा मारून गच्चीला स्वतः चुना फासला. पांढऱ्या गच्चीवर ऊन टिकत नाही, घर गार राहतं, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. घर खरंच थोडं गार झालं. मात्र गच्ची एवढी लखलखायला लागली की शेजारच्या आप्पासाहेब कोळश्यांना दुपारी आपल्याच गॅलरीत डोळे मिटून चहा प्यावा लागे.

गोधडी जाड न करण्याचं काम राहिलं होतं, आणि नेमकं तेव्हाच गॅसचं पोस्टकार्ड आलं. साळवे सिलिंडर आणायलाच निघाले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एजन्सीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एक टेम्पो उभा होता. नगरच्या कुठल्याशा वर्कशॉपातला माणूस टेम्पोतून एक भलंमोठं चकाकतं ताट उतरवत होता. त्यानं ते सूर्याकडे वळवलं, मधोमध एक काळी किटली ठेवली आणि बिडी ओढत उभा राहिला. बिडी संपायच्या आत किटली गाऊ लागली. विस्तव नाही, वायर नाही, धूर नाही. त्यानं जमलेल्यांना कप भरून चहा दिला. साळव्यांनी कप तोंडाला लावला आणि वर सूर्याकडे पाहिलं. एवढा मोठा सूर्य, एवढ्या लांबून निघालेली त्याची आच, आणि ती येऊन उतरली कुठं, तर राहुरीतल्या एका कान तुटलेल्या कपात! साळवे बौद्ध घरातले, चिकित्सेत वाढलेले. ऊठसूट हात जोडायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी मात्र कप हातात होता म्हणून हात जोडायचे राहिले. कप ठेवून ते तडक एजन्सीत शिरले, नंबर सोडला आणि सिलिंडरच्या पैशांत ते ताट घेऊन टाकलं.

घरी पुष्पावतीबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्टोव्हला पंप मारला. स्टोव्हनं नेहमीप्रमाणे आधी रॉकेलचा काळा भपकारा सोडला आणि बाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पृथ्वीचा ताप दिसला तुम्हाला. माझा खोकला नाही दिसला."

खोकला साळव्यांना रोज ऐकू येत होता. गॅस आला की खोकला जाईल, हे उभयतांनी इतकी वर्षं मनाशी धरलं होतं आणि ते मनातलं साळवे एका कप चहावर उधळून आले होते. आता हे ताट चाललं नाही तर बायकोला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. म्हणून ते चाललंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. पण ताटाला कुठं माहीत होतं?

ताट गच्चीवर चढलं त्या दिवशी सगळी कॉलनी खाली जमली. केबल नुकतीच गावात आली होती. गोरक्षनाथ नावाच्या उद्योगी तरुणानं आपल्या घरावर असंच एक ताट बसवून अर्ध्या राहुरीत वायरी टाकल्या होत्या. गच्चीवर ताट म्हणजे टीव्हीची डिश, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साळवे जीव तोडून सांगत होते की हिच्यावर स्वयंपाक होतो, आणि लोक मान डोलावून "कळलं, कळलं" अशा अर्थानं डोळे मिचकावत होते.

"साळवे, तोंड जरा दक्षिणेला करा," निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर आप्पासाहेब कोळसे गॅलरीतून म्हणाले. "गोरक्षाच्या डिशचं तिकडंच हाय. तुमची निस्ती सूर्याकडं बघती, त्यानं चित्राला मुंग्या येतील."

"आप्पासाहेब, हिच्यात चित्र येत नाही!"

"न्हाईच यायचं. तोंड दक्षिणेला केल्याबिगर कसं येईल?"

दुपारी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या राहीबाई जिना चढून वर आल्या. त्यांचा मुलगा ऊसतोडीला लांब गेला होता. त्यांनी पदरानं घाम पुसला, ताटात वाकून पाहिलं, त्यांना त्यांचाच चेहरा उलटा आणि आभाळाएवढा दिसला, आणि त्या दचकून मागं सरल्या.

"भाऊ, लांबचं दिसतं म्हनत्यात ह्येच्यात."

"नाही हो, राहीबाई."

"माझा वैजनाथ पार कोल्हापुराकडं हाय. दिवाळीपासनं त्वांड न्हाई बघितलं. उलीसंक दिसंल का?"

साळव्यांनी सगळ्यांना खुलासे दिले होते, पण इथं त्यांनी आधी राहीबाईंना बसायला पाट दिला. मग ते एवढंच म्हणाले, "ह्याच्यात सूर्य दिसतो फक्त. पण तो तिथनं वैजनाथलाही दिसत असेल बघा." राहीबाईंना ते पटलं असावं. त्या बराच वेळ डोळे किलकिले करून वर बघत बसल्या आणि जाताना ताटाच्या कडेवरून मायेनं हात फिरवून गेल्या.

आता स्वयंपाकाचं. वर्कशॉपवाल्यानं बजावून सांगितलं होतं की भांडं बाहेरून काळं पाहिजे, चकचकीत भांडं ऊन परतवून लावतं. पण हे पुष्पावतीबाईंना सांगायचं कुणी? त्यांच्या मांडणीवरची पातेली अशी होती की पाहुणे त्यांत बघून भांग काढत. राखेनं, चिंचेनं, आयुष्यभराच्या मनगटानं आणलेली ती झिलई. "घासून घासून उजळलेलं भांडं मी काळं करू? लोक काय म्हणतील, साळवीण भांडी घाशीत नाही?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यामुळे साळव्यांच्या ताटावर चकचकीत पातेली चढत आणि सूर्य तितक्याच चकचकीतपणे परत जाई. डाळ दिवसभर कोमट पाण्यात बसून संध्याकाळी जशीच्या तशी उतरे. भात बाहेरून शिजे आणि आतून तांदूळच राही. साळवे तो कडकड चावत खात आणि "वा!" म्हणत. एका दाढेनं या प्रयोगात कायमची रजा घेतली. पुष्पावतीबाई स्टोव्ह पेटवत, खोकत, आणि साळवे खालमानेनं दुसऱ्यांदा जेवत.

तिकडे गोरक्षनाथाची झोप उडाली होती. चुना मारलेल्या गच्चीवरची ती सोनेरी डिश एस. टी. स्टँडवरनं दिसायची. आपली डिश गंजकी, जाळीची. साळव्यांची अशी लखलखीत. म्हणजे हिच्यावर परदेशी चॅनेलं येत असणार आणि उद्या साळवे स्वस्तात वायरी टाकणार, असा त्यानं हिशेब केला. आठवड्याभरात करमणूक कर खात्याकडे एक निनावी अर्ज गेला. निनावी असला तरी त्याच्या कोपऱ्यात 'नाथ केबल' असा रबरी शिक्का चुकून उमटलेला होता, असं पुढे कळलं.

खात्याकडून साळव्यांना खुलासा मागवण्यात आला. दुसरा कुणी असता तर हबकला असता. साळव्यांना मात्र आपल्या माणसाचं पत्र आल्यासारखं वाटलं. जन्मभर त्यांनी लोकांकडून खुलासे मागवले होते. आता एकदा आदर्श खुलासा कसा असतो ते दाखवून द्यायची संधी आली होती. त्यांनी आंघोळ करून, पाट मांडून, निळ्या शाईनं उत्तर लिहायला घेतलं.

आणि इथंच ते फसले. 'चूल' हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरेना. सरकारी पत्रात चूल? चूल ही काय 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहायची वस्तू आहे? चूल, पातेलं, डाळ, बायको, या गोष्टी घरात शोभतात. त्यांनी बराच विचार करून 'सौर उपकरण' असं लिहिलं आणि त्या शब्दाचं वजन पाहून स्वतःच खूश झाले. पुढचे प्रश्न मग त्याच वजनात गेले. सदर डिशवर कोणकोणत्या वाहिन्या दिसतात? 'सदर डिशवर फक्त सूर्य दिसतो.' वेळ काय? 'सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. ढगाळ हवामानात खंड पडतो.' लाभ घेणाऱ्यांची संख्या? 'अखिल जीवसृष्टी.' फी किती आकारता? 'सदर लाभ निसर्गतःच विनामूल्य आहे.' खाली झोकदार सही केली: सूर्यभान साळवे.

तिकडे हे उत्तर वाचून खात्याचे डोळे पांढरे झाले. सूर्य नावाची वाहिनी परवानगीच्या यादीत कुठंच नव्हती. तिचे प्रेक्षक मोजता येणार नाहीत एवढे आहेत, हे मालक स्वतः लिहून देतोय. ती पहाटेपासून चालते. ती फुकट दाखवतो म्हणतो, म्हणजे आतून नक्कीच काहीतरी घेत असणार. आणि माजोरीपणा किती, तर वाहिनीला नावही स्वतःचंच दिलंय! निरीक्षक राजेश्वरी ढाकणे यांनी फायलीवर लाल शाईनं शेरा मारला, 'समक्ष तपासणी करून उपकरण सील करावे.'

साळव्यांना याचा पत्ताच नव्हता. आपल्या खुलाशानं खातं गार झालं असणार, अशा समजुतीत ते होते. त्यांची खरी काळजी वेगळी होती. वैशाख पौर्णिमा तोंडावर आली होती. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला साळव्यांकडून सगळ्या कॉलनीला खीर असे. आदल्या आठवड्यात पुष्पावतीबाईंनी जेवता जेवता त्यांना सांगून टाकलं, "यंदा पौर्णिमेची खीर तुमच्या त्या ताटावर करा. झाली, तर मी पुन्हा गॅसचं नाव काढणार नाही. नाही झाली, तर दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या पायरीवर बसायचं आणि नंबर घेऊनच घरी यायचं. माझ्याच्यानं आता हा स्टोव्ह होत नाही हो."

शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, बाई विहारात तयारीला गेल्या असताना, साळव्यांनी मांडणीवरचं सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं. पातेल्याच्या काठाखाली नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. पुष्पावती हिस लग्नानिमित्त मामाकडून.' ते त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी शाळेतून मागून आणलेला फळ्याचा काळा रंग उघडला आणि पातेलं बाहेरून रंगवून टाकलं. मामांची ती ओळही गेली. राज्यात क्रांत्या कशा होतात हे साळव्यांना माहीत नव्हतं, पण घरातली क्रांती किती भीतीदायक असते ते त्या संध्याकाळी त्यांना कळलं.

सकाळी बाईंनी पातेलं पाहिलं. फळ्याच्या रंगाला त्यांनी नखानं एकदा खरवडून बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि दूध, तांदूळ, साखर आणि कुटलेले वेलदोडे ठेवलेली परात साळव्यांच्या हातात देऊन आत निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर साळव्यांना बरं वाटलं असतं.

पौर्णिमा रविवारी आली होती आणि रविवार हाच डिशवाल्यांवर छापा घालायचा उत्तम दिवस, असं खात्याचं मत होतं. ऊन चांगलं चढलं होतं. साळवे ताट सूर्याबरोबर बोट बोट सरकवत होते. जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि राजेश्वरी ढाकणे मॅडम गच्चीवर अवतरल्या. त्यांच्यामागं शिपाई कानिफनाथ, त्याच्या काखोटीला मांजरपाटाचा गठ्ठा, हातात सुतळी आणि लाखेची पिशवी. त्याच्यामागं पंच म्हणून आप्पासाहेब कोळसे, आणि पंच नसतानाही गोरक्षनाथ.

मॅडम पाथर्डीकडच्या, कडक. त्यांनी कडब्याच्या गंजीत लपवलेल्या डिश पकडल्या होत्या. एकानं आपली डिश मळणीचं यंत्र म्हणून दाखवली होती, तीही पकडली होती. त्यामुळे साळव्यांनी "मॅडम, ही डिश नाही, हे सौर उपकरण आहे" असं म्हणताच त्या हसल्या.

"ते आम्हाला कळलं. सूर्य चॅनेल. मालक तुम्हीच ना, सूर्यभान?"

"अहो, सूर्य म्हणजे सूर्य!" साळव्यांनी वर बोट दाखवलं.

"वरनंच येतं सगळं. कानिफ, लिहून घे."

पंचनामा सुरू झाला. कानिफनाथ लिहू लागला आणि मॅडम बघून सांगू लागल्या: सोनेरी रंगाची गोल डिश एक. डिशच्या मध्यभागी बसवलेलं, काळ्या रंगाचं, झाकण असलेलं यंत्र एक. यंत्राच्या आतून खदखद असा आवाज येतो. यंत्रातून अधूनमधून वाफ निघते. यंत्रास वेलदोड्याचा वास आहे.

"वेलदोड्याचा?" कानिफनाथानं विचारलं.

"जे आहे ते लिही." मॅडम क्षणभर घोटाळल्या, पण नमल्या नाहीत. "वास घालून फसवायचे प्रकार नवे नाहीत."

"आप्पासाहेब, तुम्ही तरी सांगा," साळवे काकुळतीला आले.

आप्पासाहेबांनी पंच म्हणून घसा खाकरला. "मी आधीच सांगितलं हुतं. तोंड दक्षिणेला करा म्हनून."

सील करायचं ठरलं. मांजरपाटानं डिश गुंडाळायची, सुतळीनं बांधायची, गाठींवर लाख ओतून शिक्का मारायचा. त्यासाठी आधी लाख वितळायला हवी. कानिफनाथानं पिशवीतून मेणबत्ती काढली, तर ती वैशाखाच्या उन्हात लवून गोल झालेली. त्यानं काडी ओढली. वारा. दुसरी ओढली. वारा. मॅडमनी ओढणीचा आडोसा केला, गोरक्षनाथ पाठ करून उभा राहिला, आप्पासाहेबांनी टोपी धरली. वैशाखातला तो वारा कुणाचं ऐकतो? काडेपेटी संपत आली आणि शासनाचं काम विस्तवाअभावी अडून राहिलं.

आपल्याच चुलीला सील लागतंय हे साळवे विसरले. सरकारी काम डोळ्यांदेखत खोळंबलेलं त्यांना जन्मात कधी बघवलं नव्हतं.

"आणा ती लाख इकडं," ते म्हणाले.

त्यांनी कानिफनाथाच्या हातातली लाखेची कांडी घेतली आणि पातेल्याच्या बुडाखाली, जिथं ताटातलं सगळं ऊन एका रुपयाएवढ्या जागेत गोळा होतं, तिथं धरली. त्या जागेकडे डोळे उघडून बघवत नव्हतं. कांडीचं टोक क्षणभर थरथरलं, मऊ झालं, आणि एकदम फुरफुरत पेटलं. लाल लाख थेंबाथेंबानं पांढऱ्या गच्चीवर गळू लागली.

वारा तेवढा वाहत होता. विस्तव पेटला होता आणि तो कुणी पेटवला नव्हता. कानिफनाथानं चपला काढल्या. गोरक्षनाथ, ज्यानं सगळ्या राहुरीला आभाळातली चित्रं उतरवून दाखवली होती, तो आ वासून त्या लाल थेंबांकडे बघत राहिला. आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवायला हात वर नेला आणि हात तसाच राहिला. एवढा लखलखीत गोळा रोज डोक्यावरनं जातो, त्याच्याखाली आपण कपडे वाळवतो, पापड वाळवतो, छत्री उघडून त्याला चुकवतो, आणि त्याच्यात हे एवढं आहे!

ढाकणे मॅडमनी काळा चष्मा काढला. मघाचा कडक आवाज कुठल्या कुठं गेला होता. "हे... हे कशावर?"

"सूर्यावर," साळवे म्हणाले. "मी खुलाशात लिहिलं होतं."

मॅडम बराच वेळ वर बघत राहिल्या. मग खातं जागं झालं. "मला पटलं हो. पण फायलीवर सीलचा आदेश झालाय. आदेश झाल्यावर काहीतरी सील झालं पाहिजे. कानिफ, ते यंत्र खाली उतरव."

कानिफनाथानं भीत भीत पातेल्याला हात लावला आणि बोंब मारून मागं घेतला. त्या बोंबेनं पुष्पावतीबाई जिन्यात आल्या. त्या मघापासून आतल्या खोलीत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. गच्चीवर एवढी माणसं, मांजरपाट, सुतळी, आणि मधोमध आपलं काळं पातेलं पाहून त्या थबकल्या. मग भरकन पुढं येऊन त्यांनी झाकण काढलं. खीर रटरटत होती. तांदूळ फुलून आले होते. त्यांनी पळीनं एक शीत काढलं, बोटांत दाबलं, ते लोण्यासारखं मोडलं. त्यांनी ते पुन्हा दाबून पाहिलं. खाली जाळ नव्हता, धूर नव्हता, आणि इतका वेळ वाफेवर वाकून त्यांना खोकला आला नव्हता.

"कशाचं सील?" त्या मॅडमकडे वळल्या.

"बाई, हे उपकरण..."

"उपकरण कसलं? चूल आहे ही माझी. चुलीला सील लावतं का कुणी, ताई? तुमच्या आईच्या चुलीला लावलं असतं का?"

ढाकणे मॅडमना एकदम सगळा उलगडा झाला. "चूल?" त्या साळव्यांकडे वळल्या. "अहो साळवे, मग चूल म्हणून लिहायचं ना! एवढ्या कागदात एकदा तरी चूल म्हणायचं होतं!"

साळवे खाली मान घालून उभे राहिले. हेडक्लार्क म्हणून त्यांची एवढी शोभा कधी झाली नव्हती, आणि एवढा आनंदही त्यांना कधी झाला नव्हता.

पंचनामा फाडून दुसरा लिहिला. त्यात ओळ एकच होती: जागेवर चूल आढळली, चुलीस करमणूक कर लागत नाही. त्यावर आप्पासाहेबांनी सही केली आणि 'तथापि तोंड दक्षिणेस नाही' असं खाली जोडायला ते विसरले नाहीत. मग मॅडमनी गच्चीवरच मांडी घालून खीर खाल्ली. कानिफनाथानं दोनदा घेतली. गोरक्षनाथ मान खाली घालून वाटी घेऊन उभा होता. पुष्पावतीबाईंनी त्याला सगळ्यात जास्त वाढली, हे बघून तो आणखीनच खाली बघू लागला. राहीबाईंनी वाटी कपाळाला लावली आणि "सूर्याच्या हातचं जेवले बया मी" म्हणून कॉलनीभर सांगत सुटल्या. ऊन उतरेपर्यंत कॉलनी वर येत राहिली, वाट्या भरत राहिल्या, आणि प्रत्येक जण खीर खाण्याआधी एकदा वर बघत होता.

सगळे गेल्यावर पुष्पावतीबाई ताटाशी एकट्याच बसल्या. ऊन कलतं झालं होतं. त्यांनी काळ्या पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं होतं आणि त्या तिरप्या उन्हाकडे बघत होत्या.

"हे रोज असंच येतं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आणि आपण दार लावून रॉकेल जाळत बसत होतो."

एरवी साळव्यांनी इथं गोधडीचं सगळं भाषण पहिल्यापासून म्हटलं असतं. आज ते हलकेच जवळ गेले आणि बायकोशेजारी उभे राहून तेही सूर्याकडे बघू लागले.

पाण्याला आधण यायचं थांबलं. बाईंनी मान वर केली.

"अहो, तिकडं सरका बरं," त्या म्हणाल्या. "चुलीवर सावली पडती तुमची."